पोच मिळाली, पुढे काय? ठाणे-नवी मुंबईत नगरसेवक-आमदारांना निवेदन देण्याची रीत

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक फुगलेली बॉक्स फाइल आहे. पाठीवर मार्करने 'निवेदने' असं लिहिलंय. मी सेक्रेटरी झालो तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली आणि एका रविवारी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. आत एकोणीस निवेदनं होती, मालमत्ता करावर, दवाखान्यावर, महापालिकेच्या शाळेवर. त्यातली चार कामं झाली होती. उरलेल्या पंधरांवर 'मा. मुख्यमंत्री, मा. पालकमंत्री, मा. खासदार, मा. आमदार, मा. आयुक्त, मा. नगरसेवक' अशी वरात होती आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती'. योग्य ती म्हणजे कोणती, हे एकातही लिहिलेलं नव्हतं. जी चार फळली, ती नेमक्या माणसाकडे गेली होती, त्यांत एकच मागणी होती आणि ती निर्णयाच्या आधी पोचली होती.

खालचं सगळं त्या फाइलीतून आणि नंतर मी स्वतः मारलेल्या हेलपाट्यांतून आलेलं आहे.

तुमचा माणूस कोण

नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होते. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आले. मधल्या काळात नगरसेवकाकडे कागद घेऊन जायची सवयच मोडली, त्यामुळे आपला प्रभाग क्रमांक विचारला तर सोसायटीतले निम्मे लोक एकमेकांकडे बघतात. मतदार यादी काढा आणि आधी तो क्रमांक पाहा.

दुसरी गोष्ट पॅनेलची. ठाण्यात 33 प्रभागांत 131 जागा आहेत, नवी मुंबईत 28 प्रभागांत 111. म्हणजे दोन्हीकडे तीन जागांचा एकेक प्रभाग सोडला तर सगळीकडे चार नगरसेवक. 'ते काम त्यांचं, मी त्या बाजूचं बघतो' असं उत्तर तुम्हाला मिळणारच. कायद्याने चौघेही संपूर्ण प्रभागाचे आहेत. निवेदन चौघांच्या नावे एकच करा, पण प्रती चार द्या आणि पोच चार घ्या. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर घाबरू नका, उलट काम हलायची शक्यता वाढते.

विधानसभेला ठाणे शहर चार मतदारसंघांत विभागलंय: ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे आणि मुंब्रा-कळवा. नवी मुंबई महापालिकेचं बहुतेक क्षेत्र ऐरोली आणि बेलापूरमध्ये येतं. खासदाराच्या बाबतीत कळवेकर हमखास चुकतात. महापालिका ठाण्याची असली तरी मुंब्रा-कळवा मतदारसंघ कल्याण लोकसभेत मोडतो. आणि खारघर, कामोठे, कळंबोलीत राहणाऱ्यांनी पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलं तरी त्यांची महापालिका पनवेल आहे, जिल्हा रायगड. बेलापूरच्या मुख्यालयात दिलेला त्यांचा कागद फार तर सभ्यपणे परत येतो.

निर्णय कुणाच्या सहीने होतो

इथे घाई करू नका. निवेदन मरतं ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

कराचं बिल हातात घ्या आणि एकेक ओळ वाचा. सामान्य कर, पाणी आणि मलनिःसारणाचे लाभकर, अग्निशमन, वृक्ष उपकर हे महापालिकेचे. त्याच बिलात 'राज्य शिक्षण कर' अशी ओळ असते. तो 1962 च्या राज्याच्या कायद्याखालचा कर आहे, महापालिका फक्त गोळा करून सरकारकडे भरते. व्यावसायिक गाळ्याच्या बिलातल्या रोजगार हमी कराचंही तेच. या दोन ओळींबद्दल नगरसेवकाशी भांडून उपयोग नाही, तो आमदाराचा विषय.

मागणीचे शब्द किती मोजून वापरावे लागतात, हे मुंबईच्या उदाहरणावरून कळतं. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी अशी घोषणा गाजली. 2019 मध्ये प्रत्यक्षात माफ झाला तो फक्त सामान्य कर, बाकीच्या ओळी बिलात तशाच राहिल्या आणि बिलं हातात पडल्यावर लोक चक्रावले. संपूर्ण करमाफी जाहीर व्हायला 1 जानेवारी 2022 उजाडला, आणि तो निर्णय महापालिकेने नव्हे, राज्य सरकारने घेतला. तेव्हा 'करमाफी द्या' असं मोघम लिहू नका. कोणता कर, किती फुटांपर्यंत, कोणत्या वर्षापासून आणि मागची थकबाकी धरून की सोडून, हे चारही लिहा.

पनवेल महापालिकेतल्या लोकांना 'कोणत्या वर्षापासून' या एका मुद्द्याची किंमत चांगली ठाऊक आहे. महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली आणि नंतर कराची बिलं आली ती त्या तारखेपासूनची. मधल्या काळात लोक सिडकोला, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीला, सेवा शुल्क भरतच होते. एकाच काळासाठी दोघांना पैसे का, यावर निवेदनं, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या झाल्या.

दवाखान्याच्या बाबतीत पाटी वाचा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, तर ठाण्याचं जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. वाशी, नेरूळ, ऐरोलीची मोठी सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिका चालवते. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. महापालिकेच्या रुग्णालयातले दर महापालिका ठरवते. 'शासनाने मोफत केलंय, तुम्ही पैसे कसे घेता' असं केसपेपरच्या खिडकीवर ओरडण्याआधी हे माहीत असावं. तिथे बसलेल्या मुलीच्या हातात काही नसतं.

शाळेचे दोन तुकडे पाडा. इमारत, स्वच्छतागृह, पाणी, बाकं, सुरक्षारक्षक हे सगळं महापालिकेचं आणि त्यासाठी नगरसेवक पुरेसा आहे. शिक्षक कमी असतील तर प्रश्न वर जातो, कारण पटावरून किती पदं मंजूर ते संचमान्यतेत ठरतं आणि भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. तिथे आमदार लागतो. जाता जाता एक सांगतो, नगरसेवक किंवा आमदार 'माझ्या निधीतून करून देतो' म्हणाला की लोक खूश होतात. निधीतून वर्गखोली बांधता येते. तिच्यात उभा राहून शिकवणारा शिक्षक निधीतून येत नाही.

केंद्राचे विषय थोडे आहेत, पण आहेत. आरोग्य विम्यावरचा जीएसटी घ्या. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के कर 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला तो जीएसटी परिषदेत. त्या परिषदेत केंद्रीय अर्थमंत्र्यांबरोबर राज्यांचे मंत्रीही बसतात, म्हणून अशा मागणीची एक प्रत खासदाराला आणि दुसरी राज्याच्या अर्थ खात्याला. मराठीतून लिहायला संकोचू नका. राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदाने केंद्र किंवा राज्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे देशात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलेला आहे.

फक्त तुमच्या घराचं बिल चुकलं असेल तर

मग निवेदन नको, हरकत घ्या. क्षेत्रफळ जास्त धरलंय, भाड्याने दिलेलं नसताना भाड्याचा दर लावलाय, असं असेल तर करयोग्य मूल्याच्या (ज्या रकमेवर कर आकारतात तिच्या) नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि सुनावणीला हजर राहा. निकाल पटला नाही तर महापालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात अपील होतं, पण ते 15 दिवसांत करावं लागतं आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते. आमच्या मजल्यावरचे एक काका 'साहेबांशी बोलणं झालंय' म्हणत सात महिने थांबले. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. साहेबांशी बोलणं झालं म्हणून ती थांबत नाही. शंका असेल तर 'हरकत राखून' असं पत्र देऊन पैसे भरा आणि मग लढा.

वेळ

महापालिका अधिनियमाच्या कलम 99 नुसार पुढच्या आर्थिक वर्षाचे कराचे दर महासभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अर्थसंकल्पही त्याच सुमारास आकार घेतो: आधी आयुक्त, मग स्थायी समिती, मग महासभा. एप्रिलमध्ये बिल आल्यावर दिलेलं निवेदन त्या वर्षापुरतं उशिराचं. आमच्या फाइलीतली कराची पाचही निवेदनं मे महिन्यातली होती!

म्हणून पैसे लागणारी कोणतीही मागणी, मग ती नर्सची असो की शाळेच्या छताची, दिवाळीनंतर लगेच द्या आणि डिसेंबर-जानेवारीत तिचा पाठपुरावा करा. आमदारासाठी तीन अधिवेशनं लक्षात ठेवा: मुंबईत अर्थसंकल्पीय आणि पावसाळी, नागपूरला हिवाळी. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदाराच्या कार्यालयात गेलात तर चहा मिळेल.

आधी मोजा, मग मागा

आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण सेवा सकाळीच असायची. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, कंपनीत जाणारी पोरं, सगळ्यांची कामाची वेळ तीच. 'लोकांची गैरसोय होते' हे वाक्य आम्ही दोन निवेदनांत लिहून चुकलो होतो. तिसऱ्या वेळी दोन निवृत्त गृहस्थ आणि एक कॉलेजची मुलगी सलग सहा दिवस केंद्राबाहेर वही घेऊन बसले. किती जण आले, किती जण वेळ संपल्यावर आले, किती जण रांग बघून परत गेले, यांच्या उभ्या रेघा. शनिवारी सहा दिवसांची बेरीज केली तेव्हा वहीत वेळ संपल्यानंतर आलेले 143 निघाले. नगरसेविकाबाईंनी निवेदन बाजूला ठेवलं आणि ती वहीच मागून घेतली.

जे बाहेर बसून मोजता येत नाही ते माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. उत्तर 30 दिवसांत. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. 'का' असा प्रश्न विचारू नका, त्यावर 'माहितीच्या व्याख्येत बसत नाही' हे उत्तर तयार असतं. कागद मागा: अमुक केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, दोन्ही पदनामानुसार, मागच्या तीन वर्षांत अमुक लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली) तरतूद किती आणि खर्च किती. तरतूद होऊन खर्च न झालेला आकडा सापडला तर अर्धी लढाई जिंकलात, कारण 'निधी नाही' हे उत्तर बाद होतं.

शाळेसाठी तर कायद्यानेच हत्यार दिलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. सोसायटीच्या शंभर सह्यांपेक्षा समितीचा एक ठराव वजनदार. पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला 35 मागे एक, हे प्रमाण ठरावात लिहा आणि शेजारी तुमच्या शाळेचा पट लिहा. विशेषणं लागत नाहीत.

मसुदा

एक पान. वर तारीख. हा आमच्या त्या तिसऱ्या निवेदनाचा गाभा:

'विषय: आपल्या प्रभागातील नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून सहा दिवस संध्याकाळी 5 ते 8 बाह्यरुग्ण सेवा सुरू करण्यासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करण्याबाबत.

महोदया/महोदय,
सदर केंद्रात सकाळची वेळ संपल्यानंतर सहा दिवसांत 143 रुग्ण येऊन परत गेले (नोंदवहीची प्रत सोबत). केंद्रात मंजूर पदांपैकी दोन रिक्त आहेत (माहिती अधिकारातील उत्तराची प्रत सोबत).
आपणांस विनंती की, (1) हा प्रस्ताव अर्थसंकल्पावरील चर्चेत मांडावा, (2) त्याबाबत आयुक्तांना लेखी पत्र द्यावे, (3) त्या पत्राची प्रत आम्हांस द्यावी.
आम्ही 15 दिवसांनी आपली भेट घेऊ.'

बस. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. तिसरी विनंतीही. लोकप्रतिनिधीने काय करावं, हे त्याच्या अधिकारातल्या कामाच्या भाषेत सांगितलं की 'बघतो' म्हणणं अवघड जातं. नगरसेवक महासभेत प्रशासनाला प्रश्न विचारू शकतो, प्रस्ताव मांडू शकतो. आमदाराकडे तारांकित प्रश्न आहे (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो), लक्षवेधी सूचना आहे (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी). विषय मोठा असेल तर विधानमंडळाच्या विनंती अर्ज समितीसमोर रीतसर अर्ज सादर करायची वाटही आमदारामार्फत आहे. यातलं नेमकं काय हवं ते नावानिशी मागा.

धमकी लिहू नका, 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे वाक्य तिथे रोज वीस पत्रांत येतं.

सह्या

व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे अंगठे सह्या होत नाहीत. छापील तक्ता करा: अनुक्रमांक, नाव, इमारत, मोबाइल, सही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी छापलेली हवी, नाहीतर 'कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या' म्हणून कुणीतरी उलटतं. आमच्याकडे उलटलं होतं. सह्या गोळा करायला रविवारी सकाळी लिफ्टपाशी टेबल टाकलं की काम होतं, आणि गणपतीच्या मंडपात त्याहून लवकर होतं. पण शेजारच्या चाळीत, गावठाणात आणि वस्तीत स्वतः जा. दवाखान्याची आणि महापालिकेच्या शाळेची गरज त्यांना आपल्याहून जास्त आहे, आणि निव्वळ टॉवरवाल्यांच्या सह्यांचा कागद नगरसेवक ओळखतो. मोबाइल क्रमांक असलेल्या पानांच्या झेरॉक्स इकडेतिकडे वाटू नका, मूळ तक्ता एकालाच द्या.

कागद देणं

दोन प्रती न्या. एक त्यांची, एक तुमची. महापालिकेत द्यायचा असेल तर मुख्यालयाच्या टपाल कक्षात किंवा तुमच्या भागात: ठाण्यात प्रभाग समितीचं कार्यालय, नवी मुंबईत विभाग कार्यालय. खिडकीवरचा माणूस तुमच्या प्रतीवर शिक्का मारतो. तो शिक्का नीट बघा. शाई संपत आलेली असते, तारखेचा एक आकडा उमटतो, दुसरा नाही, आणि आवक क्रमांकाची जागा रिकामी असते. 'क्रमांक नंतर येऊन घ्या' म्हणतील. हलू नका. मागे रांग कुरकुरेल, कुरकुरू द्या. आवक क्रमांक नसलेली पोच म्हणजे शिक्का मारलेला रद्दीचा कागद. क्रमांक मिळाला की तिथेच फोटो काढा.

नगरसेवकाच्या किंवा आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात आवक नोंदवही असेलच असं नाही. तिथे प्रतीवर घेणाऱ्याचं नाव, सही आणि तारीख पुरे. फूल, शाल, फोटो हे सगळं झालं तरी चालेल, पण सही आधी.

लोकशाही दिनाबद्दल बरेच गैरसमज आहेत. तो अधिकाऱ्यांसमोरचा मंच आहे, अर्ज साधारण 15 दिवस आधी विहित नमुन्यात लागतो आणि गाऱ्हाणं वैयक्तिक हवं. सार्वजनिक मागणी घेऊन गेलात तर नियमावर बोट ठेवून परत पाठवतात. एखाद्याच्या बिलाचं काम अडलं असेल तर मात्र जरूर जा.

पाठपुरावा

पंधराव्या दिवशी दोघांनीच जा. दहा जण गेले की भाषण ऐकावं लागतं, दोघांशी बोलणं होतं. एकच प्रश्न विचारा, 'आमच्या निवेदनावर आपण आयुक्तांना पत्र दिलंत का, त्याचा जावक क्रमांक काय?' पत्र गेलं असेल तर आता तुमचा धागा प्रशासनात आहे. ते कोणत्या विभागाकडे गेलं, टिपणी कोणी लिहिली, हे आधी तोंडी विचारा. कारकून मंडळी नीट विचारलं तर बहुतेक वेळा सांगतात. नाही सांगितलं तर त्याच पत्रावरच्या कार्यवाहीची प्रत माहिती अधिकारात मागा. पत्र गेलंच नसेल तर त्याच दिवशी उरलेल्या तीन नगरसेवकांकडे जा, आणि पहिल्याला सांगून जा.

स्मरणपत्र महिन्याने. त्यात नवा मजकूर नको, जुना आवक क्रमांक आणि तारीख 'संदर्भ' म्हणून, खाली दोन ओळी. काम झालं तर आभाराचं पत्रही आवकात द्या. यात लाघव कमी आणि हिशेब जास्त आहे. वर्षभराने सेवा गुपचूप बंद पडली तर ती सुरू झाली होती याचा तो पुरावा असतो.

आमच्या केंद्राला संध्याकाळची वेळ मिळाली ती सहा दिवसांची नाही, मंगळवार आणि शुक्रवार दोनच दिवसांची. कॉलेजच्या त्या मुलीने पुढच्या सोमवारपासून उरलेल्या चार संध्याकाळी वही घेऊन बसायचं ठरवलंय. तक्ता तिनेच आखलाय, या वेळी वयाचा एक रकाना जास्त आहे.